६०० अश्वशक्तीच्या इंजिनामागे कोणता स्टर्न ड्राइव्ह टिकेल?

मूळचे बडोद्याचे आणि गेली काही वर्षे दुबईत स्थायिक झालेले एक तरुण गृहस्थ दिवाळीच्या सुट्टीत मकरपुऱ्यातील माझ्या वर्कशॉपमध्ये आले होते. त्यांच्या बत्तीस फुटी, खोल व्ही आकाराच्या तळाच्या नौकेत मर्क्रूझर या बनावटीची दोन ५०२ घनइंची पेट्रोल इंजिने आहेत. मुळात प्रत्येकी ४१५ अश्वशक्तीची ही इंजिने त्यांनी नव्याने बांधून घेतली आणि आता प्रत्येक इंजिन ६०० च्या आसपास ताकद देते. इंजिनाची ताकद नौकेमागच्या पाण्यातल्या पंख्यापर्यंत, म्हणजे प्रॉपपर्यंत, नेणारे मागचे ब्राव्हो वन स्टर्न ड्राइव्ह मात्र मूळचेच राहिले. एकाच मोसमात आधी डावा ड्राइव्ह मोडला आणि दोन महिन्यांनी उजवा. त्यांनी मला विचारले, "काका, पैसे लागले तरी चालतील, पण पुन्हा मोडणार नाही असा ड्राइव्ह कोणता ते सांगा." त्यांच्या भागीदारालाही वाचता यावे म्हणून मी उत्तर लिहून देत आहे. शारजाच्या एका यार्डात पंधरा वर्षे मी हेच ड्राइव्ह उघडले आणि बंद केले आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

त्यांनी दोन्ही ड्राइव्हचे मोडके भाग वर्तमानपत्रात गुंडाळून सामानातून आणले होते, ही त्यांनी केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट होय. नवा ड्राइव्ह निवडण्याआधी जुना कशाने गेला हे कळले पाहिजे आणि ते मोडलेला पोलादी दात जितके स्पष्ट सांगतो तितके कोणतेही माहितीपत्रक सांगत नाही. डाव्या ड्राइव्हच्या अप्पर युनिटमधला, म्हणजे वरच्या भागातला, गिअर आम्ही केरोसिनने धुऊन दिव्याखाली धरला. एका दाताच्या मुळाशी, बाहेरच्या टोकाकडे, नखाएवढा भाग रेशमासारखा गुळगुळीत होता आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक कमानी एकामागून एक उमटल्या होत्या. उरलेला भाग फोडलेल्या खडीसाखरेसारखा खरखरीत होता. त्या कमानी म्हणजे थकव्याची तड. ती एका दिवसात पडलेली नसते, कित्येक आठवडे थोडी थोडी पुढे सरकत असते आणि उरलेले पोलाद भार पेलू शकेनासे झाले की दात एका क्षणात तुटतो. शेजारचे दोन दात पूर्ण खरखरीत होते, म्हणजे पहिला दात गेल्यावर त्याचा भार अंगावर येऊन ते तुटले. पोलादावर निळसर झाक कुठेच नव्हती, त्यामुळे तेल कमी पडल्याचा किंवा गिअर अतिशय तापल्याचा संशय उरला नाही. दातांवर घासून चकाकलेला पट्टा मध्यभागी असायला हवा होता, तो बाहेरच्या टोकाकडे सरकलेला होता, याचाच अर्थ भाराखाली शाफ्ट आणि घडण वाकत होती. हा ड्राइव्ह निखालस अतिभाराने गेला.

उजव्या ड्राइव्हची कथा अगदी वेगळी निघाली. त्याच्या दातांवर थकव्याची खूण नव्हती, पण बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर सारख्या अंतराने गंजाच्या आडव्या रेघा होत्या आणि ते अंतर बरोबर दोन रोलरमधल्या अंतराइतके होते. नौका उभी असताना तेलात शिरलेले पाणी रोलर आणि कडे यांच्यामध्ये साचून राहिले, तिथे गंज धरला, पुढे त्या रेघांवरून रोलर धावताना पृष्ठभाग खवल्यांनी उडू लागला आणि बेअरिंग ढिले होताच गिअर जागेवरून हलले. यात अश्वशक्तीचा वाटा जवळजवळ शून्य आहे. हा ड्राइव्ह सीलमधून आलेल्या पाण्याने गेला आणि दुप्पट किमतीचा ड्राइव्ह लावला असता तरी तो याच पद्धतीने गेला असता. म्हणजे टिकाऊ ड्राइव्ह विकत घेऊन तुमच्या अडचणीचा अर्धाच भाग सुटणार आहे.

आता भाराविषयी. माहितीपत्रकात ड्राइव्हची क्षमता अश्वशक्तीत लिहिलेली असते आणि गिऱ्हाईकही तोच आकडा धरून बोलते, परंतु गिअरच्या दाताला अश्वशक्ती कळत नाही, त्याला पीळ कळतो, ज्याला आपण टॉर्क म्हणतो. तुमच्या जुन्या इंजिनाची ४१५ अश्वशक्ती मिनिटाला ४८०० फेऱ्यांना धरली तर पीळ सुमारे ६१५ न्यूटन-मीटर येतो; नव्या इंजिनाची ६०० अश्वशक्ती ५२०० फेऱ्यांना धरली तर तो सुमारे ८२० येतो. ताकद पंचेचाळीस टक्क्यांनी वाढली, पीळ एक-तृतीयांशाने. ऐकायला ही वाढ सौम्य वाटते, पण गिअरचे आयुष्य भाराच्या सरळ प्रमाणात घटत नाही. कठीण केलेल्या दाताच्या वाकण्याच्या थकव्यात ते ढोबळमानाने भाराच्या सहाव्या ते नवव्या घाताने घटते, म्हणजे भार एक-तृतीयांशाने वाढला की आयुष्य सुमारे सहाव्या ते तेराव्या हिश्शावर येते. रोलर बेअरिंगचा घात तीन पूर्णांक एक-तृतीयांश असतो, म्हणून तिथेही आयुष्य चाळीस टक्क्यांच्या खाली उतरते. जो ड्राइव्ह जुन्या इंजिनामागे दहा मोसम चालला असता तो एका मोसमात का गेला, याचा हिशेब एवढ्यातच आहे.

याच कारणाने डिझेलवाल्यांनी अश्वशक्तीचा आकडा पाहून निश्चिंत होऊ नये. ३८०० फेऱ्यांना ३७० अश्वशक्ती देणाऱ्या डिझेल इंजिनाचा पीळ सुमारे ६९० न्यूटन-मीटर असतो आणि ५००० फेऱ्यांना ५०० अश्वशक्ती देणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा ७१२. ड्राइव्हच्या दृष्टीने ही दोन्ही इंजिने सख्खी भावंडे आहेत.

स्टर्न ड्राइव्हची रचनाच अशी आहे की त्यात पीळ दोनदा काटकोनात वळवावा लागतो: इंजिनाकडून आडवा येणारा शाफ्ट वरच्या भागात उभ्या शाफ्टला फिरवतो आणि तो खालच्या भागात पुन्हा आडव्या प्रॉप-शाफ्टला. व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात ॲक्वामॅटिक मांडला तेव्हा त्यामागचे इंजिन ८० अश्वशक्तीचे होते. मूळ कल्पना तीच राहिली आणि आपण तिच्यातून सात-आठपट ताकद नेऊ लागलो. लोअर युनिट, म्हणजे खालचा भाग, पाण्यात असल्यामुळे ते जाड करता येत नाही, कारण जाडी वाढली की पाण्याचा अवरोध वाढून वेग जातो. वेग आणि टिकाऊपणा यांचे खरे भांडण या एका जागी आहे.

ब्राव्होच्या अप्परमध्ये आणखी एक नाजूक जागा आहे. पुढे आणि मागे जाण्यासाठी त्यात शंकूच्या आकाराचा क्लच असतो, जो वरच्या किंवा खालच्या गिअरच्या पोकळीत दाबला जाऊन घर्षणाने पकड घेतो. तुमच्या इंजिनात झडपा उघडणारा नवा, तीव्र कॅमशाफ्ट बसवला आहे, म्हणून ते साडेसहाशे फेऱ्यांवर शांत उभे राहत नाही आणि तुमच्या मेकॅनिकने आयडल, म्हणजे भाराविना उभ्या इंजिनाच्या फेऱ्या, साडेनऊशेपर्यंत चढवले आहे. प्रत्येक वेळी गिअर टाकताना त्या शंकूला हा जादा धक्का बसतो. नवा ड्राइव्ह येण्याआधी इंजिनाचे ट्यूनिंग सुधारून आयडल शक्य तितके खाली आणावे आणि गिअर टाकताना हात आखडू नये. लिव्हर ठामपणे, एका दमात टाकावा. हळूहळू, जपून टाकलेला गिअर शंकूला झिजवतो.

निवडीकडे येतो. मर्क्रूझरचा अल्फा तुमच्या विचारातही नको, तो सुमारे ३०० अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनांसाठी आहे. साधा ब्राव्हो वन ४०० ते ४५० पर्यंत, आणि तोही संयमाने चालवणाऱ्याकडे, चांगला टिकतो. कंपनीने स्वतः तो ४२५-४३० अश्वशक्तीच्या इंजिनांमागे दिला आहे. ब्राव्हो थ्री किंवा व्होल्वोचा १९८२ पासूनचा ड्युओप्रॉप यांत एकामागे एक, उलट दिशांनी फिरणारे दोन प्रॉप असतात. भार जास्त पात्यांवर विभागला जातो, नौका सरळ चालते, धक्क्याला लावताना आज्ञेत राहते. कुटुंबाच्या जड नौकेसाठी मी तेच सुचवतो. मात्र तुम्हाला ज्या वेगाने जायचे आहे त्या वेगाला दोन प्रॉपचे ते जाडजूड लोअर ओझे होते. कामाच्या आणि गस्तीच्या नौकांसाठी, विशेषतः डिझेलमागे, कॉनराडचे भक्कम ड्राइव्ह आहेत. तुमचे काम ते नव्हे.

तुमच्या नौकेपुढे खरे तीन मार्ग आहेत. पहिला, मर्क्युरी रेसिंगचा ब्राव्हो वन एक्सआर. गिअर, शाफ्ट आणि बेअरिंग अधिक मजबूत असलेला हा ड्राइव्ह कंपनीने स्वतः ५२५ अश्वशक्तीच्या इंजिनामागे वर्षानुवर्षे दिला आणि तो तुमच्या ट्रान्समवर, म्हणजे नौकेच्या मागच्या उभ्या भिंतीवर, जवळजवळ काहीही न बदलता बसतो. दुसरा, आयएमकोसारख्या अमेरिकी कारखान्यांचे ब्राव्होच्या जागीच बसणारे, परंतु अप्पर आणि लोअर दोन्ही जड घडणीचे ड्राइव्ह. तिसरा, मर्क्युरी रेसिंगचा नंबर सिक्स. त्यात पुढे-मागेचा क्लच ड्राइव्हमध्ये नसतोच, तो इंजिनाला जोडलेल्या वेगळ्या गिअरबॉक्समध्ये असतो. तेल ड्राइव्हमध्ये साचून न राहता पंपाने फिरते, त्यामुळे ते घुसळण्यात ताकद वाया जात नाही आणि गिअर कमी तापतात. ताकदीला तो कधीही कमी पडणार नाही, पण गिअरबॉक्ससाठी इंजिने पुढे सरकवावी लागतील, ट्रान्सम नव्याने कापावा लागेल आणि मागच्या बाजूचे वजन चांगलेच वाढेल. बत्तीस फुटी नौकेला मला ते योग्य वाटत नाही. आर्नेसनच्या सरफेस ड्राइव्हमध्ये, ज्याचा प्रॉप अर्धा पाण्याबाहेर फिरतो, काटकोनी गिअरच नसतात, म्हणून टिकाऊपणात त्याच्याशी कोणी स्पर्धा करू शकत नाही, पण कमी वेगात आणि उलट जाताना ती नौका हाताळणे ज्याला त्याला जमत नाही. तुमच्या घरचे लोकही सुकाणू धरतात, म्हणून तो मी बाजूला ठेवतो.

माझे मत दुसऱ्या मार्गाचे आहे. एक्सआर ६०० अश्वशक्तीला चालतो, परंतु तो आपल्या मर्यादेच्या काठावर चालतो, आणि चार टनांची व्ही तळाची नौका त्याला काठावर विश्रांती देत नाही. एकच इंजिन, एकच ड्राइव्ह हलक्या, जोडतळाच्या कॅटमरानमागे कित्येक वर्षे टिकतो आणि जड व्ही नौकेमागे दोन मोसमांत जातो, कारण जड नौका प्रॉपला सहज निसटू देत नाही. इंजिनाच्या पिळापेक्षा निदान पाव पट अधिक क्षमता ज्याला कारखाना लेखी देतो, तोच ड्राइव्ह घ्यावा, असा माझा नियम आहे. पुढच्या वर्षी सुपरचार्जर लावण्याचा विचार मनात असेल तर तो आजच सांगा, कारण मग हा सल्ला बदलतो.

गिअर रेशो, म्हणजे प्रॉपच्या एका फेरीमागे इंजिनाच्या किती फेऱ्या, विचारला होता, त्याचे उत्तर लहान आहे. ८२० न्यूटन-मीटर पीळ १.५० च्या रेशोने प्रॉप-शाफ्टवर सुमारे १२३० होतो आणि १.३६ च्या रेशोने सुमारे १११५. वेगासाठी आणि खालच्या भागाच्या आयुष्यासाठी लहान आकड्याचा रेशो घ्या आणि प्रॉपचा पिच, म्हणजे एका फेरीत तो पुढे कापतो ते अंतर, त्याप्रमाणे कमी करा.

ज्या गोष्टीने सर्वाधिक ड्राइव्ह मोडतात तिच्याकडे मात्र जरा थांबून पाहावे लागेल. नौका लाटेवरून उडते, प्रॉप पाण्याबाहेर येतात, भार नाहीसा झाल्यामुळे इंजिन झपकन मर्यादेपर्यंत चढते, आणि पुढच्या क्षणी तेच वेगाने फिरणारे प्रॉप पाण्यात आदळून जखडले जातात. क्रँक आणि फ्लायव्हीलमध्ये साठलेली सगळी गती त्या क्षणी गिअरच्या दोन-तीन दातांतून बाहेर पडते. तो पीळ इंजिनाच्या कमाल पिळाच्या किती तरी पट असतो आणि त्याची नोंद कोणत्याही माहितीपत्रकात नसते. तुमच्या दाताच्या मुळाशी दिसलेली तड माझ्या मते अशाच एखाद्या आदळण्यात सुरू झाली आणि रोजच्या भाराने वाढत गेली. खुल्या समुद्रातील मोठ्या शर्यतींच्या नौकांमध्ये सुकाणूवर एक माणूस आणि थ्रॉटलवर दुसरा असतो, तो याचसाठी. प्रॉप सुटण्याआधी थ्रॉटल मागे ओढायचा आणि त्यांनी पाणी धरल्यानंतरच पुन्हा पुढे न्यायचा, ही सवय हाताला लागेपर्यंत लाटांच्या दिवशी वेग कमी ठेवा. फेऱ्यांची मर्यादाही कमाल फेऱ्यांच्या दोन-तीनशे वरच बांधून घ्या. आज ती हजाराने वर आहे.

बसवण्यातील दोन गोष्टींवर मी अडून बसेन. इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आहेत की नाहीत हे अलाइनमेंट बारने पाहतात. बारच्या टोकाला ग्रीस लावून तो ट्रान्सममधल्या गिम्बल बेअरिंगमधून इंजिनामागच्या कपलरमध्ये (जोडणीच्या दातेरी भोकात) सरकवावा. तो दोन बोटांनी आत गेला पाहिजे, आणि बाहेर काढल्यावर ग्रीसवर कपलरचे दाते चहूबाजूंनी सारखे उमटलेले दिसले पाहिजेत. खालीच खोल आणि वर अस्पष्ट उमटले असतील तर इंजिनाचे पुढचे माउंट वर-खाली करून पुन्हा पाहावे. हातोडीने ठोकून बार आत गेला आणि "बसला" म्हणणारा माणूस कपलर आणि युनिव्हर्सल जॉइंट दोन्ही खाऊन टाकतो. दुसरी गोष्ट स्टिअरिंगची: दोन्ही ड्राइव्ह बाहेरून हायड्रॉलिक रॅमने धरलेले आणि एकमेकांना टाय-बारने बांधलेले असावेत. ड्राइव्ह हाताने धरून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. गिम्बलमध्ये, म्हणजे ड्राइव्ह ज्यावर वळतो त्या कड्यात, खट्ट असा आवाज आला तर त्यावर नवा ड्राइव्ह चढवू नका.

पाण्याचा विषय उजव्या ड्राइव्हमुळे आलाच आहे. आखाती समुद्र उन्हाळ्यात पस्तीस अंशांच्या आसपास जातो आणि सामान्य समुद्रापेक्षा खारट असतो, म्हणून तिथे तेल, सील आणि ॲनोड (ड्राइव्हऐवजी स्वतः गंजून झिजणारे धातूचे ठोकळे) यांच्याकडे इथल्यापेक्षा जास्त लक्ष द्यावे लागते. कारखाना गिअर ऑइल बदलायला १०० तास किंवा एक वर्ष सांगतो, ते तुम्ही २५ तासांनी बदला. खालचा बूच उघडताना पहिले चमचाभर तेल स्वच्छ वाटीत घ्या. ते दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे, बुचाच्या चुंबकावर राखाडी लेप असेल तर तो नेहमीचा आहे, पण नखाने उचलता येईल असा चकचकीत कण सापडला तर नौका त्याच दिवशी थांबवा. दर मोसमाआधी ड्राइव्ह रिकामा करून त्यात दाबाखाली हवा भरून आणि नंतर निर्वात करून सील तपासावेत, कारण काही सील आतल्या दाबाला धरतात आणि बाहेरून येणाऱ्या पाण्याला मात्र वाट देतात. ट्रान्सम आणि ड्राइव्ह यांच्यामधल्या रबरी बेलोजवर चीर दिसण्याची वाट न पाहता ते ठराविक काळाने बदलावेत. अप्परवर पाण्याचा फवारा सोडणारा ड्राइव्ह शॉवर स्वस्त आहे, तो लावाच. ॲनोड तिकडे जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे चालतील. नर्मदेसारख्या गोड्या पाण्यासाठी असलेले मॅग्नेशियमचे ॲनोड खाऱ्या पाण्यात लावू नका, ते भराभर संपतात.

तुमच्या वडिलांनी फोनवर सुचवले की मकरपुऱ्यात इतके गिअरवाले आहेत, तर मोडलेला गिअर ईएन ३६ या गिअरच्या पोलादात इथेच करून घ्यावा. मी स्वतः बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेत शिकलो, या औद्योगिक वसाहतीत माझी अर्धी हयात गेली आणि इथल्या कारागिरांच्या हाताचा मला अभिमान आहे, तरीही याला माझा नकार आहे. हे गिअर वळणदार दातांचे बेव्हल असतात. त्यांची जोडी एकत्र घासून जुळवलेली असते, कठीण करताना पोलाद किंचित वेडेवाकडे होते आणि ते केसाच्या जाडीच्या आत परत आणण्यासाठी लागणारी यंत्रे एका जोडीसाठी कोणी लावत नाही. इथे अलाइनमेंट बार उत्तम होईल, शिम (गिअरची जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) मायक्रॉनमध्ये घासून मिळतील, उरलेल्या गिअरची चुंबकीय कणांनी तड-तपासणी होईल. ही तिन्ही कामे इथे करून घेऊन जा.

ड्राइव्ह मागवण्याआधी मला तीन गोष्टी पाठवा: तळापासून प्रॉप-शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची दोन्ही बाजूंची वेगवेगळी मोजून, इंजिनाचा डायनोवरचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा, आलेख, आणि शिल्लक असलेल्या डाव्या लोअरच्या दातांवर प्रशियन ब्लू (दात कुठे टेकतात ते दाखवणारा निळा लेप) लावून काढलेले छायाचित्र. तो निळा पट्टा मध्यभागी असेल तर लोअर वाचले आहे आणि फक्त अप्पर बदलता येईल. तोही टोकाकडे गेला असेल तर दोन्ही भाग एकदमच घ्यावे लागतील.